सुकतीची फेरी झकास, दशावताराची स्लाइड तेवढी काढा

आधी सरळ सांगते. पहाटेच्या फेरीचे पैसे वसूल होतात. रात्रीच्या व्याख्यानाचे तीन चतुर्थांश वसूल होतात, आणि उरलेल्या पावात जे आहे त्यावर माझं आणि कार्यक्रम घेणाऱ्या मुलाचं अजून भांडण चालू आहे.

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका वाडीत मासेमारी करणाऱ्या घराचा हा होमस्टे आहे. खोल्या मोजक्या, पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे माड. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणसं भली आहेत. घरातला मुलगा प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालाय. संध्याकाळी खळ्यात ‘पहिला जीव कुठून आला’ यावर व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी खडकावर फेरी, असा त्याचा कार्यक्रम आहे. माणशी ६०० रुपये, राहणं-जेवण वेगळं.

माझं कुडाळात औषधांचं दुकान आहे. बरोबर मुलगी होती, दहावीतली, राज्य मंडळाची, म्हणजे विज्ञान भाग २ मधला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा पाठ असलेली. (केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती २०२३ मध्ये गळली. आमच्याकडे अजून आहे, याबद्दल मंडळाला एक गुण.) आणि सासरे होते. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं दशावतारी नाटकात काढली. संकासूर करायचे. पेटी-मृदंगाच्या ठेक्यावर काळ्या कपड्यातला तो संकासूर येऊन भटजीची टर उडवायला लागला की खालची पोरं आधी घाबरायची, मग हसून लोळायची. संकासूर वेद चोरतो आणि देव त्याला मारतो, हे सांगायची त्यांच्यावर वेळ येईल असं मला निघताना वाटलं नव्हतं. त्यांना फक्त हवापालट हवी होती.

फेरीचं आधी बोलते. अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासच जा, कारण पाणी तेव्हाच सगळ्यात जास्त मागे हटतं आणि एरवी न दिसणारा खडक उघडा पडतो. आम्ही अंधारातच बॅटऱ्या घेऊन उतरलो. मुलगा पुढे, हातात काठी, आणि पहिली सूचना अशी की जे दिसेल ते उचलायचं नाही, दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवायचा. आमच्यातल्या एका गृहस्थांनी शंख खिशात घातला, तर त्याने शांतपणे हात पुढे केला आणि आत बसलेली कुर्ली दाखवून शंख पाण्यात सोडला. ओरडला नाही. हे मला आवडलं.

खडकातल्या एका हातभर डबक्यापाशी त्याने आम्हाला बराच वेळ बसवलं. खडकाला पांढरट टोकदार कवचं चिकटलेली असतात, ज्यांनी पाय कापतो आणि ज्यांना आपण सगळे दगडच समजतो, ती बार्नॅकल. कोरड्या खडकावरची घट्ट मिटलेली होती. डबक्यात पाण्याखाली असलेल्यांची मात्र टोकं उघडली होती आणि आतून पिसासारखा एक झुपका बाहेर यायचा, पाणी ओढायचा, आत जायचा. पुन्हा बाहेर. तो म्हणाला, हे पाय आहेत. हा प्राणी कोळंबी-कुर्लीच्या नात्यातला. लहानपणी पोहतो, मग डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य पायांनी घास तोंडात ढकलत काढतो. डार्विन यांनी या एका प्राण्यावर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली. मुलीने तो झुपका बघताना फोन बाजूला ठेवला, यावरून काय ते समजा. बाबांनी आयुष्यभर या खडकावरून कालवं काढली, पण हे त्यांनीही कधी वाकून बघितलं नव्हतं.

फेरीची तक्रार एकच. पायात काय घालायचं हे बुकिंग करताना सांगायला हवं. प्लास्टिकच्या चपला शेवाळावर सरळ घसरतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला. आणि खडकावर जायच्या आधी सगळं उरकून घ्या, कारण तिथे दोन तास कसलीही सोय नाही आणि बायकांनी हे विचारायला लाजू नये.

आता व्याख्यान. पडदा म्हणून पांढरी चादर, प्रोजेक्टर, समोर सतरंजी, वयस्कांना खुर्च्या. सुरुवात फार चांगली केली त्याने. टेबलावर काचेच्या दोन बाटल्या, दोन्हींत तांदळाची पेज. एक उघडी. दुसरीच्या बुचातून वाकडीतिकडी काचेची नळी काढलेली, तिचंही तोंड उघडंच. उघड्या बाटलीतल्या पेजेवर करडी बुरशी आली होती आणि वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. दुसरी जशीच्या तशी. हवा दोन्हींना मिळते. नळीच्या वाकणात फक्त धूळ अडते, आणि धुळीबरोबर जंतू.

हा लुई पाश्चर यांचा १८५९ ते १८६२ च्या दरम्यानचा प्रयोग, आणि तो पेजेत करून दाखवायची कल्पना मी कुठे पाहिली नव्हती. तोपर्यंत घाणीतून, मांसातून, घामातून जीव आपोआप उपजतो असं निम्मं जग मानत होतं. आपल्याकडेही अंडज, जारज, उद्भिज्ज यांच्या जोडीला स्वेदज हा प्रकार उपनिषदांत मोजलेला आहेच. उवा घामातून होतात ही समजूत त्यातलीच. युरोपात फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या भांड्यावर कापड बांधून दाखवलं की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. तरी सूक्ष्मजंतूंपुरता वाद आणखी दोनशे वर्षं चालला.

मी धंद्याने औषधवाली, त्यामुळे बाटली बघून मला राहवलं नाही. तांदळात असे बीजाणू, म्हणजे जंतूंची झोपलेली टणक रूपं, असतात की नुसतं उकळून ते मरत नाहीत. विचारलं, तर हसून म्हणाला, “ताई, उकळलेली पहिली बाटली वाकडी नळी असूनही फसफसली होती. मग आईने कुकरला लावली.” अगदी बरोबर. कुकरमध्ये दाबाखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. दवाखान्यातली उपकरणं निर्जंतुक करायला १२१ अंश आणि १५ मिनिटं हाच हिशोब असतो. पाश्चर यांचे विरोधक फेलिक्स पूशे गवताचा काढा वापरायचे आणि त्यांच्या बाटल्यांत जंतू व्हायचे. ते खोटं बोलत नव्हते. गवतातले बीजाणू उकळूनही जिवंत राहतात, हे जॉन टिंडल यांच्यामुळे १८७७ च्या सुमाराला पक्कं झालं.

यातली खरी मजा त्या मुलाने दोन वाक्यांत उरकली, तिथे अर्धा तास द्यायला हवा होता. आपल्याला वाटतं की एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला धर्म, आणि मधे रेघ. त्या काळच्या फ्रान्समध्ये ‘जीव आपोआप होतो’ हे म्हणणं नास्तिकांचं समजलं जायचं, कारण मग देवाची गरज उरत नाही. पाश्चर स्वतः कॅथलिक, आणि त्यांच्या विजयाने धर्मवाले खूश झाले. त्याच्या शंभर वर्षं आधी नीडहॅम आणि स्पालान्झानी यांच्यात हाच वाद झाला. एक म्हणे जीव आपोआप होतो, दुसरा म्हणे होत नाही, आणि दोघेही पाद्री. रेघ कुठे ओढायची ते सांगा!

बाटल्या झाल्यावर बाबांनी खुर्चीतूनच विचारलं, “म्हंजे जीव जिवापासनाच होता. बरा. मगे पयलो खंयसून इलो?”

सगळं खळं शांत. माझ्या मते आख्ख्या कार्यक्रमातला हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि मुलाने उत्तरही तसंच दिलं. “काका, ता अजून कोणाक म्हायत नाय. किती कळला तेवढा सांगतंय.”

पुढचा पाऊण तास मी मनापासून ऐकला. पाश्चर यांनी दाखवलं ते आजच्या पृथ्वीवरचं, आठवड्यांच्या हिशोबातलं. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची, आणि ऑस्ट्रेलियातल्या खडकांत सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या थरांच्या खुणा आहेत. मधल्या काळात केव्हातरी साध्या रसायनांतून काहीतरी स्वतःची नक्कल करू लागलं. रशियात ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडात हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. (स्लाइडवर हाल्डेन ‘ब्रिटिश शास्त्रज्ञ’ एवढंच होतं. ते १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?) मग शिकागोत स्टॅन्ली मिलर या विद्यार्थ्याने हॅरोल्ड युरी यांच्या हाताखाली काचेच्या भांड्यात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ फिरवत ठेवून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. एका दिवसात पाणी गुलाबी झालं, आठवड्यात गर्द लाल आणि गढूळ. त्यात अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, सापडली. निबंध १९५३ चा. मिलर यांनी जपून ठेवलेल्या कुप्या त्यांच्या मृत्यूनंतर, २००८ मध्ये, नव्या यंत्रांनी तपासल्या तर त्यांना दिसली होती त्याहून कितीतरी जास्त अमिनो आम्लं निघाली.

इथे बरेच वक्ते टाळ्या घेऊन खाली बसतात. हा बसला नाही, म्हणून त्याला मानलं. त्याने स्वतःच सांगितलं की आद्य हवेत मिलर यांनी धरला तेवढा मिथेन आणि अमोनिया नसावा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावा, असं आता बहुतेकांचं मत आहे. शिवाय अमिनो आम्लं म्हणजे जीव नव्हे. ती आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपांत होतात. मिलर यांच्या भांड्यात दोन्ही निम्मी-निम्मी, आपल्या शरीरातली प्रथिनं मात्र एकाच रूपाची. हे त्या खळ्यात मला सगळ्यात लवकर कळलं असेल. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन मी रोज विकते. पहिल्या गोळीत दोन्ही रूपं, दुसरीत फक्त कामाचं, म्हणून डोस निम्मा. निसर्गाने एक रूप का आणि कसं निवडलं, याला आजही सर्वमान्य उत्तर नाही. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत जीवसृष्टीतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं मिळाली, हे २०२५ मध्ये जाहीर झालं, आणि तिथेही दोन्ही रूपं जवळजवळ सारखीच.

मुंबईच्या एका बाईंनी विचारलं, “मग माहीत नाही तिथे देव आहे असं म्हणायला काय हरकत?” मुलगा म्हणाला, “म्हणा की. पण १८२८ पर्यंत लोक म्हणत होते, युरिया फक्त प्राण्याच्या शरीरातच होतो, त्याला जीवशक्ती लागते. व्होलर यांनी तो प्रयोगशाळेत केला. देवाला अशा जागेवर बसवलं तर त्याला सारखं उठावं लागतं.” बाबांनी मान डोलावली. ते कट्टर देवभक्त, आणि त्यांना हे पटलं, हे लक्षात घ्या.

आणि मग ती स्लाइड आली. डावीकडे मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन असे दहा अवतार ओळीने. उजवीकडे उत्क्रांतीचं झाड. वर मोठ्या अक्षरांत, ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं’. पुण्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाबा काठी टेकून उभे राहिले.

“झिला, संकासुरान वेद चोरल्यान, समुद्रात लपवल्यान. देव मासो झालो आणि वेद परत आणल्यान. ह्या मी हजार रात्री केलंय. ह्येच्यात जीव कसो झालो ह्येचो इषय खंय इलो?”

मुलगा गडबडला. म्हणाला, “काका, ह्या जुळता म्हणान लोक म्हणतत.”

“जुळवलास म्हणान जुळता. मासो तो मासो, देव तो देव. त्येका तुझ्या शाळेचा सर्टिफिकेट कित्याक होया?”

मी त्यांच्या बाजूची आहे, आणि सून म्हणून नव्हे. कूर्मावतार मंदार पर्वताला पाठ द्यायला झाला, सरपटणाऱ्या प्राण्यांची पाळी आली म्हणून नव्हे. अवतार घेणारा विष्णू आधीपासून आहे, वाचवायला मनू आहे, ऋषी आहेत, म्हणजे माशाच्या आधीच माणसं आहेत. आणि समजा क्रम मान्य केला, तरी तो उत्क्रांतीचा. पहिल्या जिवाच्या प्रश्नाला तो शिवतही नाही. तासभर हाच फरक समजावून सांगणाऱ्या मुलाने शेवटी स्वतःच दोन्हींची खिचडी केली. घरी येऊन शोधलं तर ही जुळवाजुळव पुराणांतली नाहीच. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हात्स्की यांनी ती १८७७ मध्ये मांडली, केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये. म्हणजे डार्विन यांच्या ग्रंथानंतर. पूर्वजांना आधी ठाऊक होतं म्हणायचं, आणि कल्पना निघाली नंतर!

त्या पेजेच्या बाटलीचं मला कौतुक कशाचं वाटलं, तर ती नासू शकत होती. पहिली नासलीच, म्हणून काहीतरी कळलं. स्लाइडला नासायची सोयच नाही. उद्या उत्क्रांतीचं झाड बदललं तरी अवतार जुळवून देता येतील. बाबांच्या भक्तीला तिची गरज नाही आणि मुलाच्या विज्ञानाला तिचा उपयोग नाही. गरज आहे ती फक्त टाळ्यांना. मी जत्रेत देवीची ओटी भरते आणि दुकानात एक्सपायरी बघून औषध देते, दोन्हींची अडचण मला कधी झाली नाही. ओटी भरण्यामागे प्रोटॉन असतो असं कोणी सांगितलं तर मात्र होईल.

पुराणं आणायचीच असतील तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त आणा. सृष्टी कुठून आली हे कोणाला माहीत, देवही नंतरचे, आणि जो वर बसून पाहतो त्याला तरी माहीत असेल किंवा नसेलही, असं ते म्हणतं. तिथे कोणी काही आधीच ठाऊक असल्याचा दावा करत नाही.

दुसरी तक्रार जरा वेगळी. व्याख्यानात ऑस्ट्रेलिया होता, गालापागोसजवळ १९७७ मध्ये समुद्रतळाशी सापडलेले उष्ण पाण्याचे झरे होते, सगळं जग होतं, आणि वेंगुर्ले तालुक्यातलं आपलं रेडी नव्हतं. रेडीच्या खाणीतलं लोखंड ज्या पट्टेदार खडकात आहे तो शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा. जुन्या समुद्रात विरघळलेलं लोह ऑक्सिजनशी जुळून तळाशी बसलं, आणि त्या ऑक्सिजनचा मोठा वाटा सूक्ष्मजीवांचा मानतात. आद्य जीवसृष्टीचा पुरावा गाडीने जाऊन हात लावता येईल इतका जवळ आहे, आणि इथे फोटो परदेशातले! तसंच राजापूरजवळचं उन्हाळे गाव, तिथला गरम पाण्याचा झरा. डार्विन यांनी १८७१ मध्ये हूकर यांना लिहिलेल्या पत्रात ‘कोमट छोट्या डबक्या’ची कल्पना केली होती. आज काही संशोधक खाऱ्या समुद्रापेक्षा जमिनीवरचे गोड्या पाण्याचे उष्ण झरे जास्त संभवनीय मानतात, कारण सुकणं आणि भिजणं आलटून पालटून झालं की छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात, आणि मीठ फार असलं की पेशीभोवती असतात तसले पातळ पडदे नीट बनत नाहीत. पहाटे खडकावर मुलगा म्हणाला, “अशाच डबक्यात सुरुवात झाली असेल.” खाऱ्या डबक्याबद्दल हे इतक्या सहज म्हणू नये, एवढंच मी म्हटलं. त्याने वहीत लिहून घेतलं.

जेवण उत्तम. बांगड्याचं तिखलं तोंडाला चव आणणारं, सोलकढी ताज्या नारळाची, पावडरची नाही. बाबा सोमवारी मासे खात नाहीत, तर त्यांच्यासाठी न सांगता काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे झाले. चादरी स्वच्छ. डास आहेत, उदबत्तीने जात नाहीत. वीज व्याख्यानात एकदा गेली. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर चालतो, पंखा चालत नाही. गाडी वाडीच्या तोंडाशी लावून सामान हातात घेऊन उतारावरून चालावं लागतं, गुडघेदुखीवाल्यांनी आधी फोन करून मदत मागावी.

स्लाइडबद्दल मी निघताना मुलाशी बोलले. म्हणाला, “ताई, ती काढली तर पुण्या-मुंबईचे लोक शेवटी टाळ्या वाजवत नाहीत.” खरं असेल. तिथे दुसरं काहीतरी ठेव म्हटलं, रेडीचा दगड ठेव. बघतो म्हणाला. तोवर पाचपैकी चार.

पैसे रोख न्या. वाडीत रेंज येत नाही आणि स्कॅनर नुसता भिंतीवर लावलेला आहे.